न ऐकलेल्या गाण्याची आठवण

लग्नाची मिस्सा होती. कम्युनियन घेऊन माणसे आपापल्या जागी परतत होती, आणि वर सज्जात गायनवृंदातील एका मुलीने गुनोचे ‘आवे मारिया’ सुरू केले. आवाज कोवळा होता, पण सूर पक्का होता. मी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांपुढे पवित्र मरियेची मूर्ती यावी अशी माझी अपेक्षा. आली मात्र एक धिप्पाड बाई. पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक, गळाभर दागिने, छातीवर गुंफलेले हात, आणि तिच्यासमोर कानांत बोटे घालून कळवळणारा एक काळ्या दाढीचा खलाशी! चर्चमध्ये न शोभणारे हसू मला मोठ्या कष्टाने आवरावे लागले.

हे हसू अगदीच अकारण होते असे नाही. ती बाई म्हणजे बियांका कास्ताफिओरे, ‘मिलानची कोकिळा’. बेल्जियन चित्रकार एर्जे यांच्या टिनटिन चित्रकथांतील ऑपेरा-गायिका. तिचे एक ठरलेले गाणे आहे. वेळ असो, नसो, ती तेच गाते. ते गाणे शार्ल गुनो या फ्रेंच संगीतकाराच्या ‘फाउस्ट’ या ऑपेरातील आहे, आणि आपल्या लग्नांत ऐकू येणारे ‘आवे मारिया’ही त्याच गुनोचे. एकाच संगीतकाराच्या दोन रचना माझ्या मनात कोठे तरी शेजारी शेजारी राहात होत्या, आणि त्या दिवशी एकीने दुसरीला हाक मारली, इतकेच.

गाणे ऐकले की शाळेची वाट आठवते, आईचा चेहरा आठवतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. परंतु गाणे ऐकून बालपणी वाचलेल्या चित्रकथेचे पान आठवावे, यात एक निराळीच गुंतागुंत आहे. तिचा थोडा उलगडा करावा आणि आपण मुलांच्या हाती देतो त्या पुस्तकांविषयी त्यातून काही हाती लागते का ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या धर्मग्रामात साठच्या दशकाच्या अखेरीस एक सहायक धर्मगुरू आले. त्यांच्या खोलीत इंग्रजी पुस्तकांचे एक कपाट होते. आम्ही मराठी शाळेतील मुले. इंग्रजी वाचायचो ते ओळीखाली बोट धरून. पण टिनटिनच्या पुस्तकांना बोटाची गरज नव्हती. चित्रेच हात धरून पुढे नेत. त्या तरुण वार्ताहराचा उभा केसांचा झुपका, त्याचा पांढरा कुत्रा, तोंडाळ पण मनाचा निर्मळ कॅप्टन हॅडॉक आणि मिशांवाचून वेगळे ओळखू न येणारे दोन गुप्तहेर, ही सारी मंडळी आम्हांला नात्यातल्यासारखी झाली.

या मंडळींचा जन्म एका कॅथलिक वृत्तपत्रात झाला हे मला फार पुढे कळले. एर्जे यांचे खरे नाव जॉर्ज रेमी (१९०७–१९८३). आडनाव व नाव यांच्या आद्याक्षरांचा, म्हणजे ‘आर’ आणि ‘जी’ यांचा, फ्रेंच उच्चार ‘एर्जे’. ब्रसेल्समधील ‘विसावे शतक’ या अर्थाचे नाव असलेल्या कॅथलिक दैनिकाच्या बालपुरवणीत, १० जानेवारी १९२९ रोजी, टिनटिन प्रथम अवतरला. त्या दैनिकाचे संचालक आबे नॉर्बेर वालेझ हे धर्मगुरू होते, आणि मुसोलिनीचे चाहतेही होते. आरंभीच्या टिनटिनकथांवर, विशेषतः काँगोवरील कथेवर, त्या वातावरणाचे डाग स्पष्ट दिसतात. ते झाकण्याचे कारण नाही. कॅथलिक घरात जन्मलेले सर्वच निर्दोष असते असे आपण आपल्या स्वतःविषयीही म्हणत नाही.

कास्ताफिओरे प्रथम भेटते ती १९३८–३९ साली क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘किंग ऑटोकार्स सेप्टर’ या कथेत. ती टिनटिनला आपल्या मोटारीत घेते आणि लगेच गाऊ लागते. तो बिचारा काही वेळातच उतरून पायी जाणे पसंत करतो. ‘द सेव्हन क्रिस्टल बॉल्स’मध्ये हॅडॉक तिला प्रथम ऐकतो, आणि समुद्रातील वादळाची त्याला आठवण होते. ‘टिनटिन इन तिबेट’मध्ये तर हिमालयाच्या बर्फात, जेथे माणसाचा मागमूस नसावा अशा ठिकाणी, एका हमालाच्या रेडिओतून तिचाच आवाज येतो आणि कॅप्टनची गाळण उडते. प्रत्येक वेळी गाणे तेच. विनोदाची किल्ली या पुनरावृत्तीतच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चित्रकथा मुकी असते. कागदाला आवाज नाही. गाणे दाखवायचे तर चित्रकाराजवळ साधने तरी कोणती? फुग्यातील मोठी होत जाणारी अक्षरे, त्यांच्या आगेमागे उडणारी स्वरचिन्हे, थरथरणाऱ्या काचा, कुत्र्याचे विव्हळणे आणि श्रोत्यांचे आंबट चेहरे. गाण्याचा परिणाम दिसतो, गाणे ऐकू येत नाही. मग वाचणारा मुलगा काय करतो? तो आपल्या पदरचा सूर घालतो. आम्ही तेच केले. त्या स्वरचिन्हांच्या जागी आम्ही सायकलच्या गंजक्या ब्रेकची किंकाळी घातली, आणि वर्षानुवर्षे तीच ऐकत राहिलो.

पुढे कॉलेजच्या वसतिगृहात असताना मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा कार्यक्रम लागे. एका संध्याकाळी निवेदकाने गुनोच्या ‘फाउस्ट’मधील दागिन्यांचे गाणे जाहीर केले, आणि मी खोलीतील मित्रांना ओरडून बोलावले. “ऐका, आता गंमत ऐका!” आम्ही हसायला तयार होऊन बसलो. गाणे सुरू झाले. एक लांब, थरथरता स्वर पाखरासारखा वर उडाला, आणि मग वॉल्ट्झच्या झुलत्या तालावर ते गाणे नाचू लागले. मी ज्या किंकाळीची वाट पाहात होतो ती आलीच नाही. गाणे फार सुंदर होते. मित्र एकेक करून उठून गेले. मी मात्र ओशाळून तसाच बसून राहिलो.

त्या क्षणी मला जी ‘आठवण’ आली ती न ऐकलेल्या गाण्याची होती. तोपर्यंत ते गाणे मी ऐकलेच नव्हते. मी ऐकला होता तो माझाच आवाज. चित्रकथेची ही एक विलक्षण शक्ती आहे, आणि तिचा धोकाही तोच आहे. ती रिकामी जागा सोडते. ती जागा वाचक स्वतःच्या स्वभावाने भरतो. आणि मग भरलेले ते सारे लेखकाचेच होते असे मानून चालतो.

एर्जे यांनी काय सोडून दिले होते हे कळण्यासाठी त्या गाण्याची मूळ जागा पाहिली पाहिजे. ‘फाउस्ट’ हा ऑपेरा पॅरिसमध्ये १९ मार्च १८५९ रोजी प्रथम रंगभूमीवर आला. कथा जर्मन कवी गटे याच्या महाकृतीच्या पहिल्या भागावर आधारलेली. सैतानाशी करार करून तारुण्य मिळविणारा वृद्ध पंडित फाउस्ट, आणि त्याच्या मोहाला बळी पडणारी मार्गेरीत ही साधी मुलगी. तिसऱ्या अंकात तिच्या बागेत दोन भेटी ठेवल्या जातात. एक असते सीबेल या तरुणाने आणलेली फुले. सैतानाच्या शापाने त्याच्या हातातले प्रत्येक फूल कोमेजते. तेव्हा मार्गेरीत जेथे संध्याकाळी प्रार्थना करते तेथील पवित्र जलात तो बोटे बुडवितो, आणि मग फुले टवटवीत राहतात. दुसरी भेट असते दागिन्यांची पेटी. ती सैतानाने ठेवलेली असते.

मार्गेरीत येते ती चरख्यापाशी बसून एक जुने कथागीत गुणगुणत. मेलेल्या प्रेयसीची आठवण मरेपर्यंत जपणाऱ्या एका राजाचे ते गीत आहे. त्याची चाल साधी, जुन्या काळची, जवळजवळ घरगुती. मध्येच तिला त्या दिवशी भेटलेल्या अनोळखी तरुणाची आठवण होते, ती थांबते, पुन्हा गाऊ लागते. मग तिला ती पेटी दिसते. ती दागिने घालते, पेटीतील आरशात पाहते आणि स्वतःच्या रूपावर आश्चर्याने हसते. आपण आता राजाची लेक दिसतो असे तिला वाटते. दागिन्यांचे गाणे ते हेच.

हे गाणे गर्विष्ठ बाईचे नाही. आयुष्यात प्रथमच गळ्यात काही घातलेल्या गरीब मुलीचा तो निरागस आनंद आहे. तिला ठाऊक नाही ते प्रेक्षकांना मात्र ठाऊक असते: पेटी कोणी ठेवली. म्हणून त्या हसऱ्या वॉल्ट्झच्या खाली एक भीती वाहात राहते. पुढे मार्गेरीत फसते, टाकली जाते, भाऊ तिला शाप देत मरतो, आणि अखेर स्वतःच्या बाळाच्या हत्येच्या आरोपाखाली ती तुरुंगात पडते. फाउस्ट तिला सोडवायला येतो तेव्हा ती त्याच्याबरोबर पळून जाण्याचे नाकारते आणि देवदूतांचा धावा करते. सैतान तिचा नाश झाल्याचे जाहीर करतो. वरून उत्तर येते की ती तारली गेली आहे. पुनरुत्थानाच्या घोषात ऑपेरा संपतो.

हा शेवट गुनोच्या लेखणीतून वरवर उतरलेला नव्हता. १८३९ साली ‘प्री द रोम’ ही शिष्यवृत्ती मिळवून तो रोमला गेला. तेथे सिस्टाइन चॅपेलमध्ये त्याने पालेस्त्रिनाचे संगीत ऐकले आणि त्याचे अंतःकरण हलले. रोममधील त्याच दिवसांत तो गटेचा ‘फाउस्ट’ही वाचीत होता. परतल्यावर पॅरिसमध्ये तो परदेशी मिशनसंस्थेच्या चर्चचा संगीतप्रमुख झाला, आणि १८४७–४८ मध्ये धर्मगुरू होण्याच्या विचाराने सँ-सुल्पिसच्या सेमिनरीत शिकलाही. ते पाऊल पुढे पडले नाही. तो रंगभूमीकडे वळला. परंतु चर्च आणि रंगभूमी यांच्यामधली ती येरझार त्याने जन्मभर केली. बाखच्या एका प्रिल्यूडवर त्याने १८५३ साली रचलेली सुरावट ‘आवे मारिया’च्या शब्दांसह प्रसिद्ध झाली तीही १८५९ सालीच, म्हणजे ‘फाउस्ट’च्याच वर्षी. १८६९ साली पोप नववे पायस यांच्यासाठी त्याने रचलेली कूचधून तर १९५० पासून व्हॅटिकनचे राष्ट्रगीत आहे. तेव्हा दागिन्यांचे गाणे आणि ‘आवे मारिया’ माझ्या मनात शेजारी राहात होते यात नवल नाही. ती दोन्ही एकाच माणसाच्या मनातही शेजारीच राहिली होती.

एर्जे यांना ऑपेराचे प्रेम नव्हते. ऑपेराचा आपल्याला कंटाळा येतो आणि हसूही येते, अशी कबुली त्यांनीच दिली आहे. त्यांनी त्या गाण्यातील भीती काढून टाकली, मुलीच्या जागी प्रौढ, श्रीमंत, स्वतःवर खूष असलेली गायिका उभी केली, आणि आरशातील आश्चर्याचे रूपांतर आत्मप्रौढीत केले. विडंबन म्हणून ते अचूक आहे. ऑपेराच्या रंगमंचावर गरीब कुमारिकेचे काम करणाऱ्या नामवंत गायिकेत जी विसंगती असते ती एर्जे यांनी नेमकी पकडली. परंतु विडंबनाचे पूर्ण सुख त्यालाच मिळते ज्याला मूळ ठाऊक आहे. ज्याला मूळ ठाऊक नाही त्याच्या हाती नुसती टवाळी उरते. ब्रसेल्समधील वाचकांच्या घरी कदाचित ‘फाउस्ट’च्या ध्वनिमुद्रिका असतील, आमच्या घरी नव्हत्या.

या टवाळीचे पुढे काय झाले ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. आमच्या गायनवृंदात एक मावशी होत्या. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली होती, मिस्सा मराठीतून होऊ लागली होती, पण लग्नात लॅटिन ‘आवे मारिया’ हवेच, असा लोकांचा आग्रह असे, आणि ते गाण्याचा मान या मावशींचा होता. त्या शेतावर राबणाऱ्या, अंगाने भरलेल्या. संगीताचे शिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते. त्या कानाने शिकल्या होत्या. शेवटच्या उंच स्वराकडे जाताना त्या डोळे मिटून दोन्ही हात छातीवर घेत. आम्ही पोरांनी त्यांचे नाव ‘कास्ताफिओरे’ ठेवले. त्या हात छातीवर घेऊ लागल्या की खालच्या बाकांवर आम्ही कानांत बोटे घालायचो. एका लग्नात ते त्यांच्या नजरेस पडले. त्यांना ते नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बोटांचा अर्थ मात्र कोणालाही कळतो. त्यानंतर त्या मागच्या रांगेत उभ्या राहू लागल्या, आणि ‘आवे मारिया’ पेटीवर वाजविले जाऊ लागले.

दोष कोणाचा? पुस्तकाचा, असे म्हणणे सोयीचे आहे. पण एर्जे यांच्या चित्रात सूर नव्हता; तो आम्ही घातला होता. आणि त्यांच्या चित्रांत जे होते ते तरी आम्ही नीट कोठे पाहिले? ‘द कॅलक्युलस अफेअर’मध्ये हीच कास्ताफिओरे आपल्या रंगपटाच्या खोलीतील कपाटात टिनटिन आणि हॅडॉक यांना लपविते आणि गुप्त पोलिसांच्या प्रमुखाला बोलण्यात गुंतवून त्या दोघांना वाचविते. त्या रात्री ती भूमिका करीत असते मार्गेरीतचीच! ती घाबरत नाही. मित्राला कधी टाकीत नाही. माणसांची नावे ती चुकीची घेते, परंतु माणसे विसरत नाही. या चित्रमालिकेत ठळक अशी स्त्री जवळजवळ ती एकटीच, आणि तिलाही हास्यासाठी राबविले आहे, ही टीका न्याय्य आहे. तरीही त्या हास्याच्या आत एर्जे यांनी तिला जे धैर्य दिले, ते आमच्या बोटांनी झाकून गेले.

या साऱ्याचा कळस म्हणजे १९६१–६२ मध्ये क्रमशः आणि १९६३ साली पुस्तकरूपाने आलेली ‘द कास्ताफिओरे एमरल्ड’ ही कथा. माझ्या मते ती एर्जे यांची सर्वांत प्रौढ कृती होय. तीत प्रवास नाही, खलनायक नाही. सारे घडते ते कॅप्टनच्या मार्लिनस्पाइक या वाड्यात आणि त्याच्या आवारात. कास्ताफिओरे पाहुणी म्हणून येऊन थडकते, पायऱ्यांवर घसरून पाय मुरगळलेला कॅप्टन खुर्चीत अडकून पडतो, आणि दागिने हरवल्याच्या आरोळ्या वारंवार उठतात. लहानपणी हे पुस्तक आम्हांला कंटाळवाणे वाटे. आता वाटते, ते मन लावून ‘ऐकण्याचे’ पुस्तक आहे.

त्यात संगीत तीन प्रकारचे आहे. पहिले, अर्थातच, दागिन्यांचे गाणे. ते आता टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यांपुढे गायिले जाते. दुसरे, तिचा पियानोवादक वॅग्नर दिवसभर घोटीत असलेल्या सरगमी. पुढे उघड होते की ते संगीत खोटे आहे. टेपरेकॉर्डर लावून हा गृहस्थ घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्यासाठी बाहेर सटकत असतो. तिसरे संगीत एका रात्रीचे. वाड्याजवळच्या कुरणात उतरलेल्या भटक्या लोकांपैकी कोणी शेकोटीपाशी गिटार वाजवीत आहे, आणि टिनटिन अंधारात थांबून ते ऐकतो. त्या सुरांतली उदासी त्याला स्पर्श करून जाते. त्या गाण्याला नाव नाही, त्याने कोणाच्या काचा फुटत नाहीत, कोणी कानांत बोटे घालीत नाही. संपूर्ण पुस्तकात मन लावून ऐकले गेलेले संगीत हे एवढेच.

हे भटके लोक म्हणजे रोमा. पुस्तकात त्यांना जिप्सी म्हटले आहे. कथेच्या आरंभी ते गावाच्या उकिरड्याशेजारी तंबू ठोकून असतात, कारण पोलिसांनी दुसरीकडे उतरू दिलेले नसते. ते पाहून चिडलेला कॅप्टन त्यांना आपल्या कुरणात बोलावितो. मग गायिकेचा मौल्यवान पाचू नाहीसा होतो, आणि संशयाचे बोट कोणाकडे वळते हे सांगायला नको. दोन्ही गुप्तहेरांना पुरावाही मिळतो: दासीची हरवलेली सोन्याची कात्री त्या लोकांच्या गाडीत सापडते. टिनटिन तेवढा हे मानीत नाही.

उलगडा होतो तो पुन्हा एका ऑपेरामुळे. मिलानमध्ये कास्ताफिओरेने रोसिनीच्या ‘ला गाझ्झा लाद्रा’ या ऑपेरात यश मिळविल्याची बातमी टिनटिन वाचतो. या नावाचा अर्थ ‘चोरटी मॅगपाय’. मॅगपाय हा कावळ्याच्या कुळातील काळापांढरा पक्षी. टिनटिन झाडावर चढतो. पाचू घरट्यात असतो. कात्रीही त्याच पक्ष्याने नेलेली. ती झाडाखाली पडली आणि एका लहान मुलीला सापडली, एवढेच. त्याच कुळातील एक पक्षी आपल्याही वाड्यांमधून दिसतो, आणि मराठीने त्याचे नाव ठेवले आहे ‘टकाचोर’.

रोसिनीचा तो ऑपेरा १८१७ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात प्रथम झाला. त्याची कथा अशी: घरातील चांदीची वस्तू नाहीशी होते, निनेत्ता या मोलकरणीवर आळ येतो, आणि तिला मृत्युदंड सुनावला जातो. अगदी शेवटच्या घटकेला चर्चच्या घंटाघरातील पक्ष्याच्या घरट्यात ती वस्तू सापडते. एर्जे यांनी तीच कथा आपल्या कथेत विणली. ऑपेराला हसणाऱ्या चित्रकाराने अखेर न्यायासाठी ऑपेराचाच आधार घेतला, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. गंमत अशी की पक्ष्यावरचा आळही बहुधा खोटाच आहे. मॅगपायला चकचकीत वस्तूंची ओढ असते याला पुरावा आढळला नाही, असे इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले. संशय माणसावरून उतरला आणि पाखरावर जाऊन बसला. त्याला कोणाच्या तरी खांद्यावर बसायचेच असते.

येथे ही बेल्जियन कथा आपल्या अंगणात येऊन उभी राहते. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. त्यांच्या भाषेत पाणी, नाक, काळा या शब्दांचे सख्खे भाऊ आजही नांदतात. आणि जे आपल्या भूमीत राहिले त्यांच्यातील कित्येक भटक्या जमातींना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. गावाच्या कडेला पाल पडले की कोंबड्या मोजण्याची सवय मात्र कायद्याबरोबर गेली नाही. आपल्या लग्नघरांत एखादी साखळी सापडेनाशी झाली की पहिली नजर कोणाकडे जाते? घरकामाला आलेल्या बाईकडे. साखळी बहुधा उशीखाली सापडते. त्या नजरेची क्षमा मात्र सहसा कोणी मागत नाही.

गुनोच्या मार्गेरीतला दागिन्यांनी धोका दिला तो ती ते लेवून बसली म्हणून. एर्जे यांच्या कथेत दागिने घालणारीला काहीच होत नाही. धोका होतो तो कुरणात राहणाऱ्या गरिबाला. दागिन्यांच्या गाण्यातून काढून टाकलेली भीती एर्जे यांनी कदाचित नकळत परत आणली, आणि ती अशा ठिकाणी ठेवली की हसणाऱ्या वाचकाला स्वतःकडे पाहावे लागावे. या कथेने वाचकावरही एक सापळा लावलेला आहे. ‘चोर कोण?’ असे विचारीत आपण पाने उलटतो, आणि मनात कोणाचे नाव घेतले हे पुस्तक मिटल्यावर आपल्यालाच ठाऊक असते. मी लहानपणी कोणाचे घेतले होते ते मला पक्के आठवते.

मग लग्नातील ‘आवे मारिया’ ऐकताना ती बाकदार नाकाची बाई आठवली, हे वाईट झाले का? मला तसे वाटत नाही. बालपणीच्या आठवणी हुकमावरून बाहेर जात नाहीत, आणि त्यांना हाकलून देण्याचे कारणही नाही. चित्रकथेने मला त्या गाण्याचे नाव दिले, म्हणून तर रेडिओवर ते लागले तेव्हा मी कान टवकारले. नुसती टवाळी हाती आली होती तरी ती धरून मी मूळ गाण्यापर्यंत, गुनोपर्यंत, मार्गेरीतच्या तुरुंगापर्यंत पोहोचलो. हसू हा दरवाजा होता. दोष हसण्यात नव्हता. दरवाज्यातच पुष्कळ काळ उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट अडविण्यात होता.

म्हणून पालकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांच्या हाती टिनटिन जरूर द्यावा. पण कास्ताफिओरेचे पान आले की ते गाणे त्यांना ऐकवावेही. आज ते फार सोपे झाले आहे. आमच्या वेळी एका संध्याकाळची वाट पाहावी लागली. आता घरातील फोनवर दोन क्षणांत ते लागते. मुले आधी हसतील. हसू द्यावे. मग त्यांना विचारावे, त्या मुलीच्या बागेत ती पेटी कोणी ठेवली असेल? आणि पाचू हरवला तेव्हा तुम्ही मनात कोणाचे नाव घेतले होते?

आमच्या त्या मावशी आता हयात नाहीत. त्यांची क्षमा मागण्याचे राहून गेले. परवाच्या लग्नात त्या मुलीचा आवाज शेवटच्या उंच स्वराकडे निघाला तेव्हा तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात छातीवर घेतले. मी मागे वळून खालच्या बाकांकडे पाहिले. मुले होती, कोणी चुळबुळत होते, कोणी ऐकत होते. कानांत बोटे कोणीही घातली नव्हती.